इंग्रजी देवी नको, शब्दांची वही हवी!

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. सेनगाव तालुक्यातल्या एका गावाहून एक मामा आणि त्यांचा मुलगा माझ्याकडे आले. मुलगा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. गावातल्या भांडणात या घराला जातीवरून शिवीगाळ आणि मारहाण झाली होती. ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंद झाला. आरोपींनी अटक टाळण्यासाठी विशेष न्यायालयात अर्ज केला, तो नामंजूर झाला, मग ते उच्च न्यायालयात गेले. तिथला आदेश कुणीतरी मुलाच्या मोबाइलवर पाठवला. मुलाने थेट शेवटची ओळ वाचली : अपील डिसमिस्ड. "आपलं अपील फेटाळलं," असं त्याने घरी सांगितलं. दोन दिवस त्या घरात कुणी धड जेवलं नाही. तिसऱ्या दिवशी मामा माझ्याकडे आले ते "ताई, आता आपसात मिटवून घ्यावं म्हणतो" हे सांगायला.

मी आदेश उघडला. पहिल्याच पानावर अपेलंट म्हणून आरोपींची नावं होती. मामांचं नाव सरकारच्या खाली, रिस्पॉन्डंट म्हणून. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून कलम १४-अ आलं आहे. त्यानुसार विशेष न्यायालयाने जामीन नाकारला की आरोपीला उच्च न्यायालयात अपील करावं लागतं. म्हणजे फेटाळलं गेलेलं अपील आरोपींचं होतं. आपण जिंकलो होतो, आणि आपल्याच घरात सुतक पाळलं जात होतं.

तो मुलगा ढ नव्हता. त्याने तीन महिन्यांचा स्पोकन इंग्लिशचा कोर्सही केला होता. स्वतःची ओळख इंग्रजीत फाडफाड करून देत होता. डिसमिस्ड हा शब्द त्याला येत होता. अपेलंट येत नव्हता. एका शब्दाच्या अज्ञानापायी एक खटला मिटवला जाणार होता.

तेव्हापासून मी हाच विचार करते आहे. आपल्या चळवळीत इंग्रजीवर पुष्कळ भाषणं होतात. वाघिणीचं दूध वगैरे आपण ऐकत आलो. पण इंग्रजी म्हणजे नेमकं काय? बोलण्यातली ऐट की कागदावरचा अर्थ? आपल्या पूर्वजांनी ही भाषा कशासाठी आणि कशी मिळवली, हा इतिहास नीट पाहिला तर उत्तर सापडतं.

कागद कायम दुसऱ्याच्या भाषेत

आपल्या हिंगोलीचाच इतिहास घ्या. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. दरबार आणि कचेरीची भाषा आधी फारसी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दू. गावचं दप्तर कुलकर्ण्याच्या घरात, मोडी लिपीत. देवाधर्माचं सगळं संस्कृतात. रयत बोलायची मराठी. या चार भिंतींच्या बाहेर आपला महारवाडा, मांगवाडा. आपल्या पणजोबांनी कागदावर अंगठा उठवला तेव्हा त्या कागदात काय लिहिलंय हे विचारण्याची सोयच नव्हती. जो वाचून दाखवील तो म्हणेल ते खरं.

१९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं. तिथलं उच्च शिक्षण उर्दूतून, आणि इंग्रजी भाषा सक्तीची. देशी भाषेतून विद्यापीठ चालवण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मान्यच केलं पाहिजे. पण मराठवाड्यातल्या मराठी बोलणाऱ्या अस्पृश्याच्या लेकराला त्याचा उपयोग काय? त्याला शाळेची पायरीच चढू दिली जात नव्हती. चढलंच तर पुढे एक नाही, दोन परक्या भाषा उभ्या.

हिंगोली शहरात फिरताना एक गोष्ट लक्षात घ्या. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावं आजही लोकांच्या तोंडी आहेत. इथे हैदराबाद कंटिन्जंटची लष्करी छावणी होती, १९०३ साली ती फौज हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली. त्या छावणीने आपल्याला शब्द दिले. पेन्शन हा इंग्रजी शब्द आणि पुरा हा आपला, दोन्ही मिळून एक वस्ती झाली. म्हणजे इंग्रजी शब्द शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच आपल्या गल्लीत येऊन राहिले. पण शब्द कानावर पडणं वेगळं आणि त्या भाषेतला कागद वाचता येणं वेगळं. आजही आपण त्याच जागी अडकलो आहोत. मोबाइल, नेट, पॅकेज, स्कीम, सबसिडी हे शब्द तोंडात आहेत, पण स्कीमचा जीआर नाकारताना साहेबाने मारलेला शेरा समजत नाही.

१९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. तहसील मराठीत आली. पण संविधानाचं कलम ३४८ काढून बघा. संसद वेगळी तरतूद करत नाही तोवर सर्वोच्च आणि उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीतूनच. म्हणून हिंगोलीचा माणूस फिर्याद मराठीत देतो, आणि त्याच्या फिर्यादीचं भवितव्य इंग्रजीत लिहून येतं. कागद आजही दुसऱ्याच्याच भाषेत आहे.

इंग्रजी कुणी दान दिली नाही

आपल्यातले काही जण म्हणतात, मेकॉलेने आपल्याला इंग्रजी दिली, त्याचे उपकार माना. इथे जरा थांबू. मेकॉलेचा तो प्रसिद्ध खलिता २ फेब्रुवारी १८३५ चा. त्याला इंग्रज आणि कोट्यवधी रयत यांच्यामध्ये दुभाष्याचं काम करणारा एक वर्ग तयार करायचा होता. वरच्यांना शिकवा, ज्ञान झिरपत खाली जाईल, असं त्या काळचं धोरण. वरचे कोण, हे तुम्हाला सांगायला नको. झिरपलं किती, तेही तुम्हाला ठाऊक आहे.

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने काय केलं? एका मुलासाठी बाकीच्यांना दुखवता येणार नाही, अशी भूमिका घेऊन हात वर केले. नंतर वरून, कंपनीच्या संचालकांकडून, सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचं सांगितलं गेलं, पण वर्गाचं दार कागदाने उघडत नसतं. हा प्रसंग बाबासाहेबांनी आपल्या लेखनात नोंदवून ठेवला आहे.

मग इंग्रजी आपल्यापर्यंत आली कशी? ज्यांनी ती ओढून आणली त्यांच्यामुळे. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४७ च्या सुमारास त्यांनी थॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं. वाचलं म्हणजे कळेपर्यंत वाचलं. १८७३ साली 'गुलामगिरी' आली. आतला संवाद साध्या मराठीत, पण प्रस्तावना इंग्रजीत, आणि अर्पणपत्रिका अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. हा माणूस एकाच पुस्तकात शेतकऱ्याशी मराठीत बोलतो आणि राज्यकर्त्याशी त्याच्या भाषेत. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिलं, तेही इंग्रजीत. त्यात त्यांनी याच झिरपण्याच्या धोरणावर बोट ठेवलं : पैसा रयतेच्या सारामधून येतो आणि खर्च वरच्यांच्या उच्च शिक्षणावर होतो. सावित्रीमाईंच्या १८५४ सालच्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणाऱ्या कविता आहेत. ज्या बाईच्या अंगावर शाळेत जाताना शेण फेकलं गेलं, ती शूद्रातिशूद्रांना म्हणते, ही भाषा घ्या.

पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. महारांना सैन्यात आणि पोलिसात घ्या, ही मागणी. सैन्यभरती बंद झाली म्हणून नुसतं रडत न बसता लंडनला समजेल अशा शब्दांत त्यांनी हक्क मांडला. याला म्हणतात भाषा वापरणं.

आणखी एक गोष्ट. मराठीतून इंग्रजीत जायचं तर शब्दकोश लागतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. थोर काम आहे, मी स्वतः वापरते. पण तो शास्त्री-पंडितांच्या मदतीने झाला. आपल्या वाड्यातली मराठी त्या कोशात आली ती वरून पाहणाऱ्याच्या नजरेतून. शब्दाचा अर्थ कोण लिहितो, यालाही जात असते.

इंग्रजी पहिली

७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी १९०० साली बाल भीमराव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. आपण पोस्टर लावतो, फोटो टाकतो. पण कोणत्या वर्गात दाखल झाले? इंग्रजी पहिलीत. विद्यार्थी दिन हा खरं तर बाबासाहेबांच्या इंग्रजीच्या पहिल्या दिवसाची आठवण आहे, हे किती जणांच्या लक्षात येतं?

त्या घरात इंग्रजी कुठून आली? पलटणीतून. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक, पुढे मुख्याध्यापक होते. कंपनीच्या लष्करात सैनिकांच्या मुलांना शिकवण्याची पद्धत होती. म्हणून गावाने जे दार बंद केलं ते छावणीने किलकिलं केलं. पण तेवढ्याने बाबासाहेब घडले नाहीत. रामजींनी मुलाकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घासून घेतली. मराठी वाक्याचं इंग्रजी कर, इंग्रजीचं मराठी कर. नेमका शब्द कोणता, वाक्प्रचार कसा, हे रोज. मुलाला पुस्तकांची हौस, आणि घरात पेन्शनीची ओढाताण. पैसे नसले की रामजी आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात. त्यांच्याकडून पैसे घेत, नाहीतर दागिना गहाण ठेवायला मागून आणत आणि पेन्शन आली की सोडवून परत करत. बाबासाहेबांची पहिली शब्दसंपत्ती बहिणींच्या दागिन्यांवर उभी आहे. पुढच्या वेळी स्टेजवर विद्वत्तेचा गौरव करताना मंजुळा आणि तुळसा यांचीही नावं घ्या.

एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्याला संस्कृत शिकवायला शिक्षक तयार नव्हते, म्हणून फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या बळावर मिळवलं. म्हणजे बघा, ज्या भाषेला आपली म्हणून गौरवतात तिचं दार बंद होतं, आणि परकी म्हणून हिणवतात त्या भाषेचं दार ढकलून का होईना उघडत होतं.

शब्दांवर झालेल्या लढाया

कोलंबियात ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी जातीवरचा निबंध वाचला. वय २५. त्या निबंधाचा कणा म्हणजे एक शब्द : एन्डॉगमी, जातीतल्या जातीत विवाह. जात टिकते ती या एका कुलपाने, हे त्यांनी दाखवून दिलं.

२७ जानेवारी १९१९ ला ते साउथबरो समितीपुढे उभे राहिले. ती मताधिकाराची समिती होती. तिथे त्यांनी एन्डॉस्मोसिस हा शब्द वापरला, आणि पुढे १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्येही. हा शब्द जीवशास्त्रातला. पातळ पडद्यातून द्रव आत-बाहेर झिरपतो, ती क्रिया. त्यांचे गुरू जॉन ड्युई हा शब्द समाजासाठी वापरत. बाबासाहेबांनी तो उचलला आणि जातीला लावला. समाज जिवंत असेल तर माणसं, विचार, अनुभव एका गटातून दुसऱ्या गटात झिरपले पाहिजेत. जात हा असा पडदा आहे ज्यातून काहीच झिरपत नाही. दोन पानांचा मुद्दा एका शब्दात मावला. मोठा शब्द मिरवायला नसतो, मोठा विचार पेलायला असतो.

'ॲनिहिलेशन' पण घ्या. लॅटिन निहिल म्हणजे शून्य, काहीही नाही. म्हणजे जात सुधारणं नाही, सौम्य करणं नाही, तिला शून्यावर आणणं. बाबासाहेबांना रिफॉर्म हा शब्द माहीत नव्हता का? त्यांनी निवडून हा घेतला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला मजकूर झोंबला, बदल सुचवले गेले, तेव्हा एक स्वल्पविरामही बदलणार नाही असं त्यांनी कळवलं. भाषण रद्द झालं. बाबासाहेबांनी पदरच्या पैशाने १५०० प्रती छापल्या.

आपल्या नावाचीही लढाई शब्दांनीच झाली. सरकारी कागदात आपण डिप्रेस्ड क्लासेस होतो. डिप्रेस्ड म्हणजे दाबलेला. दाबलेला म्हटलं की दाबणारा कोण हा प्रश्न उभा राहतो. हरिजन म्हटलं की तो प्रश्नच मिटतो, उरते फक्त दया. १९३८ च्या जानेवारीत मुंबईच्या विधिमंडळात काँग्रेस सरकारच्या विधेयकात हरिजन शब्द आला. दादासाहेब गायकवाडांनी विरोध केला. बहुमताने तो शब्द लादला गेला तेव्हा बाबासाहेबांसह स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभात्याग करून बाहेर पडले. एका शब्दासाठी सभात्याग! आज कुणी म्हणेल, नावात काय आहे. ज्यांना नाव लादून घ्यावं लागलं त्यांना विचारा.

संविधानाच्या कलम १७ कडेही बघा. अनटचेबिलिटी रद्द, असं ते कलम सांगतं. आपले अनेक वक्ते ठोकून देतात की संविधानाने जात नष्ट केली. कलमात कास्ट हा शब्द नाही. अस्पृश्यता रद्द झाली, जात नाही. या दोन शब्दांमधलं अंतर ज्याला कळलं नाही त्याला पुढची लढाई कुठे आहे तेच कळणार नाही.

कायद्यात तर एका शब्दावर माणूस सुटतो. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(आर) मध्ये अपमान कुठे झाला हे महत्त्वाचं आहे. तिथे पब्लिक प्लेस म्हटलेलं नाही, पब्लिक व्ह्यू म्हटलं आहे. सार्वजनिक जागा वेगळी आणि लोकांच्या नजरेस पडेल अशी कुठलीही जागा वेगळी. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वर्ण सिंग प्रकरणात हाच फरक स्पष्ट केला : जागा खासगी असली तरी ती लोकांच्या नजरेच्या टप्प्यात असेल तर कलम लागू शकतं. आता फिर्याद लिहिताना आपला कार्यकर्ता फक्त "घराच्या अंगणात शिव्या दिल्या" एवढंच लिहून देतो. रस्त्यावरून दिसत होतं, शेजारचे चार जण बघत होते, हे राहून जातं. मग वरच्या कोर्टात वकील भांडतो, आणि आपण म्हणतो न्याय मिळाला नाही.

मिलिंदचा प्रश्न

१९५० साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय औरंगाबादला काढलं. मुंबईत सिद्धार्थ होतं, मग मराठवाड्यात का? कारण निजामी राजवटीत सगळ्यात मागे ठेवला गेलेला हा भाग होता. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची पायाभरणी झाली. पुढे महाविद्यालयाला नाव मिळालं मिलिंद. हा राजा कोण? भदंत नागसेनांना एकामागून एक प्रश्न विचारणारा, आणि समाधान झाल्यावर मान्य करणारा ग्रीक राजा. नावातच सांगितलं की इथे पाठांतर नको, प्रश्न हवा. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतली, आपल्या तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातलीही पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन तिथे गेली.

आणि हेही सांगते, कारण फार थोड्यांना माहीत असतं. बाबासाहेब स्वतः कोशकार होते. त्यांनी पाली शब्दकोशाचं आणि व्याकरणाचं काम केलं, ते महाराष्ट्र शासनाने १९९८ साली इंग्रजी खंड १६ म्हणून छापलं. पालीचे इंग्रजी अर्थ, शिवाय मराठी, गुजराती, हिंदी अर्थ. संविधान लिहिणारा, मंत्रिपद सांभाळणारा, आजारी माणूस एकेक शब्द उतरवून काढत बसला. धम्म समजायचा तर धम्माचे शब्द समजले पाहिजेत, म्हणून. आपण म्हणतो वेळ नाही.

देवी की वही?

उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरी जिल्ह्यातल्या बंका गावी २०१० साली इंग्रजी देवीच्या मंदिराची पायाभरणी झाली. चंद्रभान प्रसाद यांची ती कल्पना. हातात लेखणी घेतलेली देवीची मूर्ती, संगणकावर उभी. मेकॉलेचा वाढदिवसही ते साजरा करत आले आहेत. त्यामागचा डिवचण्याचा हेतू मला कळतो. ज्या देशात सरस्वतीच्या नावाने शिक्षण आणि शूद्राला शिक्षण नाही, तिथे नवी देवी उभी करून दाखवणं हा चिमटा आहे.

पण मित्रांनो, आपण १४ ऑक्टोबर १९५६ ची माणसं आहोत. बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या नव्या देवी बसवायला नाही. देवीची पूजा करता येते, तिला हार घालता येतो, आणि हार घालून घरी जाता येतं. इंग्रजीचं आपण नेमकं हेच केलं. इंग्रजी माध्यमाची पाटी बघून लेकरू टाकलं, फी भरली, झाली पूजा. शिक्षकालाच धड इंग्रजी येत नाही, लेकराला धड मराठीही येत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. बारा-पंधरा वर्षं इंग्रजी शिकलेला पदवीधर अपेलंट शब्दाशी अडतो, तर दोष माध्यमाच्या पाटीत नाही, शब्द कमावण्याच्या सवयीत आहे.

याला समाजशास्त्रात बोर्द्यू भाषिक भांडवल म्हणतो. ज्या घरात तीन पिढ्या शब्दकोश कपाटात आहे, त्या घरातल्या लेकराला शब्द वारशाने मिळतात, आणि शाळा त्यालाच हुशारी म्हणते. माझ्या एम.ए.च्या काळात एका चर्चासत्रात हेजेमनी या शब्दाचा माझा उच्चार चुकला. काही जण हसले. मी गप्प बसले, पुढचा अर्धा तास काही बोलले नाही. खोलीवर येऊन शब्दाचा अर्थ शोधला : सत्ता अशी की दबलेल्यालाच ती योग्य वाटावी. तेव्हा कळलं, मी गप्प बसले तीच हेजेमनी होती. उच्चार चुकला तर चुकू द्या. अर्थ चुकता कामा नये.

दुसरीकडून ओरड येते की इंग्रजीच्या नादाने मराठी मरेल. ज्यांची नातवंडं परदेशात इंग्रजीत वाढताहेत त्यांनी हे आपल्याला सांगू नये. आणि आपल्यातल्यांनीही मराठीचा न्यूनगंड धरू नये. कोलंबियाहून आलेल्या माणसाने ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला तो मराठीत. 'बहिष्कृत भारत' मराठीत. सत्तेशी बोलायला इंग्रजी, आपल्या माणसाशी बोलायला मराठी. दोन्ही हातात असल्याशिवाय लढता येत नाही.

मग करायचं काय?

मायकेल वेस्ट नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने ढाक्यात शिकवताना पाहिलं की इथल्या मुलांना आधी वाचण्याइतके शब्द हवेत. पुढे १९५३ साली सर्वाधिक लागणाऱ्या सुमारे २००० शब्दांची त्याची यादी प्रसिद्ध झाली. २००० साली न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्यापीठीय लेखनात वारंवार येणारी ५७० शब्दकुळं काढली. डिस्क्रिमिनेशन, एक्स्क्ल्यूजन, हायरार्की, आयडिऑलॉजी, कॉन्ट्रॅडिक्शन ही त्यातलीच. ओळखीचे वाटतात ना? २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी ज्या विसंगतींचा इशारा दिला, त्यांना त्यांनी कॉन्ट्रॅडिक्शन्स हाच शब्द वापरला होता. रोज दोन कुळं घेतली तर १४ एप्रिलला सुरू केलेलं काम २६ जानेवारीच्या आत संपतं. यादी इंटरनेटवर फुकट आहे.

पण नुसती यादी घोकू नका. वसंत मून यांनी संपादित केलेला बाबासाहेबांचा इंग्रजी खंड १ घ्या. १९७९ साली तो निघाला. 'कास्ट्स इन इंडिया' आणि 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' दोन्ही त्यात आहेत. रोज एक पान. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलची रेघ, आणि वहीत तीन गोष्टी : शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, आणि आपल्या बोलीतला अर्थ. शासनाचा जड प्रतिशब्द नको, आजीला सांगता येईल असा अर्थ लिहा.

शब्द फोडायला शिका. अनटचेबिलिटी म्हणजे अन, टच, एबल, इटी. चार तुकडे कळले की शेकडो शब्द उघडतात. फ्रँचाइज म्हणजे मताधिकार, त्याला मागे-पुढे जोडत गेलात की एन्फ्रँचाइज, डिसएन्फ्रँचाइज हाती लागतात. इमॅन्सिपेशनच्या मुळाशी लॅटिन शब्द आहे हाताचा, मालकीच्या पकडीचा. पकडीतून सुटणं म्हणजे मुक्ती. असा शब्द एकदा कळला की विसरत नाही.

मग रामजी सुभेदारांची रीत : उलटसुलट भाषांतर. इंग्रजी परिच्छेद मराठीत करा, पुस्तक मिटा, आपल्या मराठीचं परत इंग्रजी करा, आणि बाबासाहेबांच्या वाक्याशी ताडून पहा. कुठला शब्द आपण घेतला आणि कुठला त्यांनी, यातच शिक्षण आहे.

आणि शब्द वापरा. विहारात रविवारी वंदना झाल्यावर एक तास. एक जण न्यायालयाचा एखादा आदेश आणील, एक जण परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज, एक जण खंडातलं पान. पाच जण असले तरी पुरे. आमच्याकडे सहा जण बसतात. कधी चार, परीक्षा असली की दोन.

तो सेनगावचा मुलगा त्या सहांतला एक आहे. मामांनी खटला मिटवला नाही, तो अजून चालू आहे. मागच्या महिन्यात मुलाने दुसऱ्या एका घराचा आदेश वाचला. शेवटच्या ओळीपासून नाही, पहिल्या पानापासून. आधी अपेलंट कोण ते पाहिलं, त्याखाली रेघ मारली, आणि मग त्या घरच्या बाईंना मराठीत समजावून सांगितलं. त्यांनी अंगठा उठवण्याआधी विचारलं, "बाळा, यात काय लिहिलंय?"

पणजोबांना हा प्रश्न विचारता आला नव्हता. आपल्याला उत्तर देता आलं पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!